भज्जीचं माप

पिंपरी-चिंचवडहून एका ताईंचं पत्र श्रावणात आलं होतं, येळवशीच्या भज्जीबद्दल. येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येचा, रानात पूजा करून जेवायचा सण, आणि भज्जी म्हणजे ओले दाणे आणि पाला बेसन-ताकात शिजवून त्या दिवशी करतात ती. उत्तर आज देते आहे, कारण तुरीच्या शेंगा भरल्याशिवाय ते देणं शक्य नव्हतं. गेल्या आठवड्यात शेतातून पहिल्या हिरव्या शेंगा आल्या. त्या सोलल्या, दाणे काट्यावर ठेवले आणि मगच लिहायला बसले. बाकीच्या पत्रांना थोडक्यात उत्तरं दिली आहेत, त्यांनी राग मानू नये.

प्रश्न : माझं सासर निलंगा तालुक्यातलं. सासूबाई होत्या तोवर आम्ही दरवर्षी येळवशीला गावी जायचो. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. शेत त्याआधीच विकलं होतं, पण त्या भावकीच्या शेतात घेऊन जायच्या. मुलगा आता दहावीला आहे, "आजीसारखी भज्जी कर" म्हणतो. दोनदा केली. एकदा पिठलं झालं, एकदा उसळ. सासूबाईंना मी माप कधी विचारलंच नाही. ते मला हवं आहे. दुसरं असं, की स्वतःचं शेत नसेल तर येळवस करावी का? यजमान म्हणतात, गच्चीवर कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करू. ते बरं दिसेल का?

उत्तर : ताई, आधी माप सांगते.

माझ्या आईचं माप होतं माणशी एक ओंजळ ओले दाणे. त्यातले निम्मे तुरीचे, उरलेल्यात वाटाणा, ओला हरभरा, वालघेवडा आणि मूठभर ओल्या शेंगदाण्याचे. आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली, पण तिच्या आणि माझ्या बांगड्यांचं माप एकच होतं, म्हणून माझी ओंजळ तीच तिची ओंजळ असं मी धरते. माझ्या ओंजळीत सोललेले दाणे ११० ते १२० ग्रॅम भरले. अशा आठ ओंजळींना एक चिपटं बेसन आणि दोन लिटर आंबट ताक. चिपटं म्हणजे काय हे तुमच्या मुलाला सांगा : दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही भरून घ्यायची मापं आहेत, वजनाची नव्हेत. त्यामुळे त्याच चिपट्यात ज्वारी वजनाला जास्त भरते, बेसन कमी. आमच्या घरच्या पितळी चिपट्यात बेसन दीडशे ग्रॅमच्या आसपास बसलं.

पालेभाजीत मेथी, चुका, कांद्याची पात आणि लसणाची पात. चारही मिळून दाण्यांइतक्याच ओंजळी, पण चिरून भरलेल्या. एक गाजर, दोन काटेरी वांगी. हिरवी मिरची, लसूण, जिरं पाट्यावर ठेचायचं. टोमॅटो नाही, गरम मसाला नाही.

आता तुमचं कुठे चुकलं असेल ते सांगते. उसळ झाली त्या वेळी तुम्ही बहुतेक कुकर लावला असणार. तूर शिजायला वेळ घेते आणि वाटाणा लगेच गळतो, म्हणून कुकरमध्ये एक कच्चं राहतं नाहीतर दुसऱ्याचा लगदा होतो. उघड्या पातेल्यात आधी तूर आणि हरभरा घाला. दाणा चिमटीत दबला की वाटाणा, घेवडा आणि शेंगदाणे, मग पाला. बेसन मात्र गार ताकात आधीच घोटून ठेवायचं. नुसतं ताक उकळत्या पातेल्यात ओतलं तर फुटतं, बेसन असलं की ते धरून राहतं. ते घातल्यावर पहिली उकळी येईपर्यंत पळी थांबवायची नाही.

आणि पिठलं झालं याचं कारण भज्जीत नाही, घड्याळात आहे. सासूबाईंची भज्जी तुम्ही खायचात ती पहाटे चारला शिजलेली आणि दुपारी एकला वाढलेली. बेसन निवत जातं तसं घट्ट होतं. तुम्हाला तो दाटपणा आठवतो आणि तुम्ही तो चुलीवर असतानाच आणता. उतरवताना ती पळीवरून कढीसारखी पडली पाहिजे. मग तिला चार-पाच तास एकटं सोडा.

आंबीलही लागेल. ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून मडक्यात दोन दिवस आंबवायचं, मग पातळ शिजवून पूर्ण निवल्यावर ताक, मीठ, ठेचलेलं आलं-लसूण आणि जिऱ्याची पूड घालायची. बाजरीचे उकडलेले उंडे आणि भाकरी तुम्ही करालच.

माप इथे संपतं, पण ते मोजलं कसं जायचं हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आमच्या घरी आई दाणे नाव घेऊन मोजायची. येळवशीच्या पहाटे तीनला चुलीसमोर सूप घेऊन बसायची, ओंजळ भरायची आणि पातेल्यात टाकताना एकेकाचं नाव घ्यायची. अण्णा, थोरली काकू, धाकटे काका, मग आम्ही भावंडं वयाप्रमाणे, सालगडी, त्याची बायको, त्याची दोन लेकरं. शेवटी चार ओंजळी "वाटंच्या माणसाला" म्हणून वेगळ्या. येळवशीला बांधावरून जाणारा कोणीही असो, त्याला हाक मारून जेवू घालायचं. त्याचा वाटा आधीच पातेल्यात असायचा.

१९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गावोगावी विसर्जन करून माणसं उशिरा झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. माझी मावशी किल्लारीच्या पलीकडच्या एका गावात दिलेली होती. तिकडची घरं आमच्यासारखीच, मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती, वर लाकडाचं आणि मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहतं म्हणून ज्याचं आम्ही कौतुक करायचो, तेच माळवद माणसांवर पडलं. तिच्या घरातली नऊ माणसं गेली. मावशी आणि तिचा मधला मुलगा राहिला.

१९९४ च्या जानेवारीत येळवस आली तेव्हा मावशी पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. अण्णा जाऊन तिला घेऊन आले. पहाटे आई सुपापुढे बसली, मावशी तिच्या शेजारी. आईची नावं झाली. तिने मावशीचं नाव घेऊन एक ओंजळ टाकली, तिच्या मुलाचं नाव घेऊन दुसरी. तेवढ्यात मावशीने सूप आपल्याकडे ओढलं आणि ओंजळ भरून म्हणाली, "मामंजी." दुसरी भरली, "आत्याबाई." तिसऱ्या ओंजळीला ती काहीच बोलली नाही, कारण नवऱ्याचं नाव ती कधीच घेत नसे. पुढे थोरला मुलगा, सून, मुलगी, धाकटा दीर, जाऊ, जावेचं लेकरू. नऊ झाल्या. दारात उभे असलेले अण्णा पुढे आले, त्यांना वाटलं थांबवावं. आई म्हणाली, "घालू द्या तिला."

पण वाटेवरच्या माणसाच्या चार ओंजळी अजून राहिल्या होत्या आणि दाणे संपले. अण्णांनी अंधारात कंदील घेऊन शेतातून तुरीची झाडं उपटून आणली. आम्ही सगळे, काका आणि सालगडीसुद्धा, चुलीभोवती बसून शेंगा सोलत होतो. सोलताना कोणी काही बोललं नाही. उजाडेपर्यंत चार ओंजळी भरल्या आणि आईने त्या पातेल्यात टाकल्या. दुपारी कोपीत पूजा झाली, अण्णांनी "ओलगे ओलगे, सालम पोलगे" म्हणत रानात आंबील शिंपली, पंगत बसली. मावशी जेवली नाही. माझा भाऊ आणि तिचा मुलगा मोटरसायकलवर मध्ये घागर धरून शेडकडे गेले आणि नऊ माणसांची भज्जी तिथल्या ओळीत वाटून आले. घागर रिकामी परत आल्यावर मावशी जेवायला बसली. त्या दिवसापासून मी भज्जीला ओंजळीशिवाय दुसरं माप वापरलेलं नाही. तुम्हाला ग्रॅम दिले ते तुमच्यासाठी म्हणून दिले.

आता तुमचा दुसरा प्रश्न. गच्चीवर कोप करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कोपीला कडबा त्याच रानातला लागतो आणि तिच्यात मांडलेले पाच पांडव म्हणजे त्याच बांधावरचे दगड, चुना लावलेले. विकत आणलेला कडबा गच्चीवर उभा केला तर मुलाच्या मनात त्याचं चित्र तेवढंच राहील. पण येळवस मात्र कराच. शेत नाही म्हणून येळवस नाही, असा नियम कधीच नव्हता. ज्याला शेत नाही त्याला आवतन असतं. आमच्या लातुरात त्या दिवशी रस्ते ओस पडतात, दुकानं बंद असतात. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. शाळेतले गुरुजी, बँकेतली माणसं, परगावाहून बदलून आलेली कुटुंबं, सगळी कोणाच्या ना कोणाच्या रानात जेवायला असतात. तुमचं शेत होतं तेव्हा तुमच्या सासूबाईंनीही अशा कितीतरी जणांना वाढलं असेल. आता आवतन घ्यायची पाळी तुमची, त्यात कमीपणा मानू नका. भावकीला फोन करा, मुलाची दहावी असली तरी एक दिवस आणा. संध्याकाळपर्यंत थांबा, म्हणजे त्याला दूध उतू घालताना पाहता येईल. दूध कोणत्या दिशेला सांडतं यावरून पुढचं पीकपाणी सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. भावकीत जाणं अवघड वाटत असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा. आमच्या पातेल्यात वाटेवरच्या माणसाच्या ओंजळी आजही असतात.

अगदीच येणं झालं नाही तर घरी करा, पण नावं घेऊन करा. पहिली ओंजळ सासूबाईंची.

प्रश्न (सेलू) : आमचा येसर (आमटीसाठी भाजून दळलेलं मसाल्याचं पीठ) दोन महिन्यांतच खवट होतो. पूर्वी वर्षभर टिकायचा. काय चुकतं?

उत्तर : बहुतेक तुम्ही सुकं खोबरं दळणातच घालता. त्याचं तेल सुटतं आणि तेच खवटतं. येसरात गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, लाल मिरची आणि खडा मसाला एवढंच, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजून. गहू तडतडून फुटायला लागेपर्यंत मंद आचेवर, नाहीतर ओल राहते. खोबरं आमटी करतेवेळी भाजून घाला. आणि गिरणीतून आणलेला डबा लगेच बंद करू नका, पीठ गरम असतं. परातीत पसरून पूर्ण निवू द्या. लग्नघरी पंगतीला वाढतात ती आमटी अशाच येसराची असते, म्हणून ती पाहुणे मोजून करावी लागत नाही. माणसं वाढली की आधणाचं पाणी वाढवायचं आणि दोन मुठी येसर.

प्रश्न (जालना, महाविद्यालयीन विद्यार्थी) : आजोबा ताटात भाकरीचा कोर टाकू देत नाहीत. म्हणतात, "मिलो खाल्ली असतीस तर कळलं असतं." मिलो म्हणजे काय? विचारलं तर बोलत नाहीत.

उत्तर : बाळ, मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. १९७२ च्या दुष्काळात ती रेशनवर मिळायची. मी तेव्हा बारा वर्षांची होते. आपल्या शाळू ज्वारीच्या पिठाला चिकी असते, त्यामुळे भाकरी थापली जाते. मिलोच्या पिठाला ती नव्हती. आई उकळत्या पाण्यात पीठ मळायची तरी भाकरीच्या कडा फुटायच्या. ताटात आली की ती हातात धरता यायची नाही, तुकडे वेचून खावे लागायचे. रंग विटकरीसारखा. जनावरांना घालायचं धान्य आपल्याला दिलं, असं म्हातारी माणसं म्हणायची आणि ते म्हणताना त्यांच्या आवाजात जे असायचं ते मला आजही ऐकू येतं. तुझे आजोबा बोलत नाहीत ते बहुधा त्याचमुळे.

मोठी माणसं दुष्काळी कामावर जायची, खडी फोडायला, पाझर तलावाच्या मातीकामाला. याच अनुभवातून पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. कामावर सुकडी मिळायची, गोडसर भाजक्या पिठाची. अण्णा आणि आई आपल्या वाट्याची सुकडी धोतराच्या सोग्यात, पदरात बांधून आणायचे. त्या दिवाळीआधी आठवडाभर आईने ती कोणाला खाऊ दिली नाही. डब्यात साठवली आणि लक्ष्मीपूजनाला चमचाभर तूप लावून तिचे लाडू वळले. मोजून सात. त्या वर्षीच्या येळवशीला रानात हिरवं पानही नव्हतं. आईने वाळलेली चवळी भिजवली आणि ओंजळीऐवजी माणशी एक मूठ धरली. वाटेवरच्या माणसाच्या मात्र तिने चार मुठी टाकल्याच. मी तेव्हा तिच्यावर रागावले होते. भूक लागली होती.

आजोबांना मिलोबद्दल विचारू नकोस. त्या वर्षी दिवाळीला घरात काय केलं होतं, ते विचार. त्यावर ते बोलतील असं मला वाटतं, आणि बोलले तर लिहून ठेव.

प्रश्न (बीड) : यंत्रावरच्या शेवया दुधात गळतात. हातच्या शेवयांचं गमक काय?

उत्तर : गहू. बन्सी गहू घ्या, तो कडक असतो. पाण्याचा हात लावून रात्रभर दाबून ठेवा, सकाळी दळा, सपीट वस्त्रगाळ करा. मळलेला गोळा वरवंट्याने इतका कुटा की ओढला तर तुटू नये.

आमच्या वाड्याशेजारी एक चाची राहायच्या. चैत्र-वैशाखात आमचा शेवयांचा पाट त्यांच्या अंगणातल्या बाजेवर तिरका लावलेला असायचा, कारण त्यांच्याकडे सकाळी सावली असायची आणि आमच्याकडे वाळवायला ऊन. वर आई वळायची, खाली चाची सूत झेलून काठीवर टाकायच्या. एकच काठी, निम्म्या शेवया आमच्या, निम्म्या त्यांच्या. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे त्यांच्या शेवयांना कधी लगेच दूध मिळायचं, कधी सात-आठ महिने डब्यात थांबावं लागायचं. आमच्या कधी कमी पडल्या तर त्या देत आणि त्यांच्या कमी पडल्या तर आई. शीरखुर्म्याचं पहिलं वाटगं आमच्या घरी यायचं ते झाकून. झाकणावर दोन खारका ठेवलेल्या असत, त्या आम्हा मुलांच्या.

दुरुस्ती (उमरगा) : मागे मी याच सदरात लिहिलं होतं, की येळवस हा वेळ अमावस्येचा अपभ्रंश. उमरग्याच्या एका वाचक भगिनींनी कळवलं आहे, की त्यांच्या माहेरी बसवकल्याणला, म्हणजे कर्नाटकात, याच दिवसाला एळ्ळ अमावस्या म्हणतात आणि कन्नडमध्ये एळ्ळू म्हणजे तीळ. मी हे लक्षात घ्यायला हवं होतं. आमच्या भागातली निम्मी नाती सीमेपलीकडची आहेत. भगिनींचे मनापासून आभार.

पत्र वाचल्यावर एक गोष्ट आठवली. येळवशीच्या बाजरीच्या भाकरीला आई तीळ लावायची. मी एकदा घाईत विसरले तर तिने भाकरी तव्यावरून उतरवून बाजूला ठेवली आणि दुसरी करायला लावली. का, ते तिने सांगितलं नाही. तिलाही तिच्या आईने सांगितलेलं नसावं. माझी आजी निलंग्याच्या खालच्या अंगाची, सीमेलगतच्या गावची होती. घरात चिडली की कन्नड बोलायची.